फ्रिजला पाणी पाजण्याची सोपी कृती

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोण? पालघर जिल्ह्यातल्या एडवण, मथाणे, कोरे, दातिवरे या किनाऱ्यावर ज्याच्या पडवीत कपाटाएवढा दोन दारांचा फ्रिज येऊन उभा राहिला आहे आणि त्या फ्रिजच्या दारातच पाण्याचा नळ आहे, तो. असा फ्रिज घरातलं मोठं माणूस कधी घेत नाही. बोईसरच्या कारखान्यात कायम झालेला मुलगा तो हप्त्याने घेतो. नाहीतर मीरा रोडचे काका नवा घेतात आणि आधीचा ‘चांगला आहे रे, फुकट जाईल’ म्हणून टेम्पोत घालून गावाला पाठवतात. सोबत पुस्तिका येते. तिच्यात कामाचं वाक्य एकच : फ्रिज घरातील पाण्याच्या लाइनला जोडावा. पुढचा सगळा मजकूर म्हणजे या एका वाक्याचं स्पष्टीकरण.

आधी मागे बघा

फ्रिज भिंतीपासून पुढे ओढा. चार माणसं लागतील; दोघं ओढायला, दोघं सांगायला. मागच्या बाजूला, खाली, बोटभर जाडीची नळीसुद्धा जाणार नाही असं बारीक तोंड दिसतं का ते बघा. दिसलं नाही तर दार उघडून आत डोकवा. काही लिटर मावेल अशी प्लास्टिकची टाकी आत असेल तर तुमचा फ्रिज हाताने पाणी भरायचा आहे. तांब्या घ्या, टाकी भरा, दारातला खटका दाबा. तुमचं शिक्षण इथे संपलं. पुढचं वाचायचं तर दुसऱ्याची फजिती म्हणून वाचा. आपल्याकडचे शहाणे दुकानदार हाच प्रकार गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात आणि चांगलं करतात.

तोंड सापडलं असेल तर मात्र बसा. घरातली आजी विचारेल, ‘याला पाणी कशाला? हा काय बैल आहे?’ तिला सांगा की हा फ्रिज स्वतःचं पाणी स्वतः पितो, त्याचा बर्फ स्वतः करतो आणि पेल्यात टाकतो. ती म्हणेल, ‘मग भांडीपण घासेल.’ वाद घालू नका. या कामात आजीची पुढे गरज पडणार आहे, कारण पाणी कधी येतं हे घरात नेमकं तिलाच ठाऊक असतं.

साहित्य

सफाळ्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ‘फ्रिजची पाण्याची लाइन द्या’ म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. ‘आरओची नळी द्या’ म्हणा. पाव इंची, पांढरी, पिण्याच्या पाण्यासाठी म्हणून विकली जाणारी. पाणी शुद्ध करायच्या यंत्राला लागते तीच आणि फ्रिजलाही तीच. पारदर्शक नळी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. ती गवंड्याची, लेव्हल काढायची. उजेडात तिच्या आत शेवाळ धरतं आणि पुढे तोच हिरवा रंग बर्फात उतरतो. शिवाय एक अँगल कॉक, त्यावर बसणारा अर्ध्या इंचाचा पाव इंच करणारा जोड, पांढऱ्या टेपची गुंडाळी आणि गाळणीचं एक नळकांडं. पाना शेजारून आणा. शेजाऱ्याला पाना कशाला हे सांगावं लागेल, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. त्याला इलाज नाही.

कुठली लाइन?

पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी एकच लाइन असते. अमेरिकेतल्या घरात रस्त्याखालच्या मुख्य नळातून दिवसरात्र दाबाचं पाणी येतं. भिंतीत कुठेही भोक पाडा, पाणी तयार. आपल्या घरी तीन लाइनी असतात आणि चौथा हंडा. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, म्हणून निवड करण्यापूर्वी थोडं थांबू.

पहिली अंगणातली, नळयोजनेची. हिला वेळ असते. हिच्यात आधी हवा येते. तोटी उघडी ठेवली असेल तर ती फुसफुसते, खोकते, मग चहाच्या रंगाचा एक लोट टाकते आणि त्यानंतर पाणी देते. किनाऱ्याची गावं नळाच्या शेपटाकडे आहेत. वरच्या गावांनी भरून घेतलं की उरेल ते खाली येतं, आणि मधे कुणी थेट लाइनलाच मोटर लावली असेल तर तेवढंही येत नाही. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालं तेव्हा माणशी, रोजी 55 लिटरचा हिशेब धरला होता. त्यात फ्रिजला माणूस धरलेलं नाही. तरीही चवीच्या दृष्टीने हेच पाणी उत्तम. धरणात साठवलेलं पावसाचं पाणी. त्यात क्षार कमी. फक्त ते धरण शाबूत राहिलं पाहिजे. 2022 च्या जानेवारीत झांजरोळीच्या धरणाला गळती लागली तेव्हा केळवे-माहीम पट्ट्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुसरी लाइन विहिरीची. मोटर टाकली की धो धो. नवशिक्याला ही फार आवडते, कारण ती आपली, हक्काची आणि चोवीस तासांची. आता त्या पाण्याची एक चूळ भरा. मचूळ लागलं ना? समुद्राकाठच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हिशेब साधारण असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा 1 फूट वर असेल, तर खाली 40 फुटांपर्यंत गोडं पाणी मिळावं. हाच हिशेब उलटाही चालतो. मोटरने ती पातळी 1 फुटाने उतरवली की खालचं खारं पाणी 40 फूट वर सरकायला मोकळं होतं. म्हणून पावसाळ्यानंतर गोड लागणारी विहीर एप्रिल-मेमध्ये तोंड फिरवते आणि पाहुणे नेमके तेव्हाच येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या असंही त्यात म्हटलं आहे. फ्रिज चालवून घेत नाही. बारीक नळीत, झडपेत, गाळणीत त्या क्षारांचं पांढरं पीठ धरतं.

खात्री करायची असेल तर विहिरीच्या पाण्याचा बर्फ जुन्याच पद्धतीने, ट्रेमध्ये करून बघा. खडा खिडकीशी धरा. कडेला काचेसारखा स्वच्छ, आणि मधोमध पांढरा, गढूळ गाभा, त्यात सुईएवढे बुडबुडे. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि गोठताना क्षारांना आणि हवेला पुढे ढकलत नेतं. शेवटी सगळं मधे कोंडलं जातं. नळाच्या पाण्याच्या खड्यातही गाभा असतोच, पण विहिरीच्या पाण्याचा गाभा जिभेवर ठेवला की समुद्र किती जवळ आहे ते कळतं.

तिसरी लाइन गच्चीवरच्या काळ्या टाकीची. तिच्यात नळाचं पाणी मोटरने चढवलेलं असतं, नळ रुसला तर विहिरीचं, आणि कुठल्या दिवशी कुठलं याची नोंद कुणी ठेवत नाही. पण ती सतत भरलेली असते, म्हणून अखेर सगळे तिच्याशीच येऊन थांबतात. आपणही थांबू. मात्र विहिरीचं पाणी त्या टाकीत सोडायचं नाही, एवढी शपथ घरातल्या प्रत्येकाकडून घ्या. मोटरचं बटण ज्याच्या हाताशी आहे त्याच्याकडून दोनदा.

चौथा हंडा. तो फ्रिजला जोडता येत नाही.

दाब

इथे नवशिक्यांपैकी निम्मे गळतात. पुस्तिकेच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात, पाण्याचा दाब 20 ते 120 पीएसआय असावा असं काहीसं लिहिलेलं सापडेल. काहींत 30 पासून पुढे. पीएसआय म्हणजे काय ते कळायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की पाण्याची टाकी 10 मीटर उंच ठेवली तर खाली सुमारे 14 पीएसआय दाब मिळतो. 20 हवे असतील तर टाकीतलं पाणी फ्रिजपासून 14 मीटर वर पाहिजे. तुमचं घर तळमजल्याचं, वर स्लॅब, स्लॅबवर विटांचं ठाणं, त्यावर टाकी. फार तर 4 मीटर. म्हणजे 6 पीएसआयसुद्धा नाहीत.

14 मीटर उंचीची वस्तू वाडीत आहे, माड आहे. बरीच वर्षं झालेला सरळसोट माड त्याहूनही उंच असतो. त्यावर टाकी चढवण्याचा सल्ला हे मार्गदर्शन देत नाही, कारण नारळ पाडायला माणूस मिळत नाही तिथे टाकी धुवायला कोण चढणार.

आता मीरा रोडच्या काकांना फोन लावा. ते म्हणतील, ‘आमच्याकडे तर मस्त चालत होता.’ चालणारच. त्यांची इमारत सात मजल्यांची, टाकी गच्चीवर, काका पहिल्या मजल्यावर. डोक्यावर 18 मीटर पाणी, म्हणजे 25 पीएसआय, आयतेच. काका सातव्या मजल्यावर असते तर त्यांचाही फ्रिज आपल्यासारखाच कोरडा राहिला असता. आणि त्या टाकीसाठी पाणी कुठलं ठरलं? सूर्या नदीचं. तिच्यावरचं धामणीचं धरण आपल्याच जिल्ह्यात. ते मुळात बांधलं शेतीसाठी. पुढे तारापूरची औद्योगिक वसाहत त्यावर आली, पालघर आलं, आणि मग मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, दिवसाला 403 दशलक्ष लिटरची योजना आखली : वसई-विरारला 185, मीरा-भाईंदरला 218. योजनेनुसार ते पाणी पालघर तालुक्यातून जमिनीखालून दक्षिणेला जातं, काकांच्या इमारतीच्या गच्चीवर चढतं आणि तिथून उतरताना त्याला फ्रिजला हवा तेवढा दाब येतो. काकांनी फ्रिज पाठवला तसा दाबही टेम्पोत घालून पाठवला असता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

राहतो पंप. छोटा, आरओच्या यंत्रात असतो तसलाच. तो टाकी आणि फ्रिज यांच्या मधे बसवा. तो विजेवर चालतो. वारा सुटला, सुरूच्या बागेत फांदी पडली, की लाइट जाते. पंप थांबतो, फ्रिजही थांबतो, निदान त्यांचं एकमत तरी असतं. पंपाला कोरडं पळायची सवय लावू नका. टाकी रिकामी आणि पंप चालू अशा स्थितीत त्याचा पडदा फाटतो आणि मग तो नुसता गुणगुणतो.

‘मग सरळ आरओच लावू, त्याचं पाणी फ्रिजला देऊ,’ असं कुणीतरी म्हणेलच. नळाच्या गोड्या पाण्याला आरओ लागत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 च्या मे महिन्यात सांगितलं होतं की क्षार 500 च्या आत असतील तिथे आरओ नकोच. कारण साधं आहे : घरगुती आरओ 1 लिटर देताना 2-3 लिटर फेकून देतो. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात हे पाणी बादलीत धरलं जातं. त्याने लादी पुसली जाते, ओटा धुतला जातो, आणि त्या बादलीवरून सासू-सुनेत नवा विषय सुरू होतो. विहिरीच्या मचूळ पाण्याला मात्र आरओ हवा आणि आरओलाही पंप हवा. म्हणजे विहीर, मोटर, टाकी, पंप, आरओ, त्याची टाकी, पुन्हा पंप, गाळणी, फ्रिज, पेला. एवढ्या फेऱ्यांनंतर पेल्यात पडणारं पाणी थंड असतं, हे खरं.

जोडणी

हे सोपं आहे. वेळ पंधरा मिनिटं.

टाकीचा कॉक बंद करा. अँगल कॉकच्या आट्यांवर पांढरी टेप आटे फिरतात त्याच दिशेने पाच-सहा वेढे ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर कॉक आवळताना ती निसटून गोळा होते. नळी ब्लेडने सरळ कापा. सुरीने किंवा विळीवर कापू नका. तिरकी कड आत रबराला लागते आणि तिथून थेंब सुटतो. नळी जोडात दाबा. एकदा अडल्यासारखी होईल, तिथे थांबू नका, आणखी दाबा, ती अजून थोडी आत जाते. मग हलकेच मागे ओढून बघा. निघाली नाही तर बसली. फ्रिजमागे नळीचं दोनेक मीटरचं मोकळं वेटोळं ठेवा, म्हणजे दिवाळीत सफाईला फ्रिज ओढताना ती ताणून निघणार नाही.

कॉक उघडा. गळतंय का हे हात लावून कळत नाही. हात आधीच ओले असतात. प्रत्येक जोडाखाली कालचं वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागदावर पावलीएवढा काळसर डाग दिसला तर त्या जोडाला अर्धा आटा द्या. अर्धाच. प्लास्टिकला पूर्ण आटा दिला की ते तडकतं.

सुरुवातीचं पाणी फेका. पुस्तिका पाच मिनिटं वाहू द्या म्हणते, म्हणजे साधारण 10 लिटर. एडवणमध्ये हे वाचून दाखवू नका. त्याखाली बादली ठेवा, ते पाणी तुळशीला, माडाला जाऊ दे. पहिल्या दिवसाचा बर्फही खायचा नाही. त्याला नव्या नळीचा वास येतो.

अडचणी

रात्री स्वयंपाकघरात ‘घुर्र’ आवाज येतो. उंदीर नाही, भूतही नाही. बर्फाचा साचा रिकामा झाला की फ्रिज पाण्याची झडप उघडतो, पाणी नसलं तरी उघडतो, आणि कोरडी झडप घुरघुरते. थोड्या थोड्या वेळाने तो पुन्हा आशेने उघडतो. आजी सांगेल की इतकी चिकाटी तर पाणी सोडणाऱ्या माणसाकडेही नाही.

बर्फाचे खडे लहान, पोकळ पडतात. दाब कमी. मागचा ‘दाब’ हा भाग पुन्हा वाचा. माडाचा विचार पुन्हा मनात आला तर पंपाची गाळणी साफ करा.

पाणी येत नाही. आधी शेजारी विचारा, त्यांच्याकडे आलं का. नसेल तर फ्रिज उत्तम स्थितीत आहे.

गाळणीचा लाल दिवा लागला. सहा महिन्यांनी तो लागतोच, पाणी प्या न प्या. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा दिव्याची वाट बघू नका. नळकांडं उघडून आतली कांडी बघा, ती तांबूस झाली असेल.

शेजारची वहिनी टोपली घेऊन आली आहे. बोंबील, पापलेट जास्त आले, बर्फ हवा आहे, ‘तुमच्याकडे मशीनमधून पडतो ना?’ हिला नाही म्हणणं कठीण, पण हिशेब सांगा. असला फ्रिज दिवसभरात किलो-दीड किलो बर्फ काढतो. आपल्या हवेत मासळी नीट टिकवायची तर एक किलो मासळीला जवळपास तेवढाच बर्फ लागतो. म्हणजे हे यंत्र तिचं किलोभर पापलेट सांभाळेल आणि त्या दिवशी तुम्ही कोमट सरबत प्याल. सातपाटीला बर्फ कारखान्यातून लादीने येतो, ठोकून भुगा करून पेट्यांत भरतात. या किनाऱ्यावर बर्फ हे मासळीचं अन्न आहे, पाहुण्याचं नव्हे. तसं पाहिलं तर बर्फाला नळ लागतोच असंही नाही. 1833 मध्ये बोस्टनहून निघालेलं जहाज तळ्यातला कापलेला बर्फ भुश्यात गुंडाळून कलकत्त्याला घेऊन आलं, चार महिन्यांनी पोहोचलं, आणि तरी बराचसा शिल्लक होता. तेव्हा दाबाची अट नव्हती.

कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, ‘तुमच्याकडे पाण्याचा प्रॉब्लेम आहे.’ त्याला चहा द्या. एवढ्या लांब येऊन त्याने नवीन काही सांगितलं नाही, पण परत सफाळ्याला जायला त्याला रिक्षा मिळायची आहे.

जोडणी काढायची असेल तर

बरीच मंडळी मे संपताना इथवर येतात. पंप काढा, अँगल कॉक बंद करा, त्याच्या तोंडाला बूच लावा. नळीतलं पाणी फडक्यावर उतरवून ती वेटोळं करून खिळ्याला टांगा. फेकू नका, आरओला चालते. फ्रिजच्या आत बर्फयंत्राला एक तार किंवा बटण असतं, ते वर करून बंद करा, म्हणजे रात्रीची घुरघुर थांबेल. पाण्याविना फ्रिजचं काही बिघडत नाही. भाज्या, दूध, मासळी तो तसाच गार ठेवतो. बाटल्या भरा, गळ्यापर्यंत नको, आणि दाराच्या कप्प्यात उभ्या करा.

मुंबईची मुलं सुट्टीत येतील आणि दारातला खटका दाबत राहतील. त्यावर कुलपाचं चित्र असलेलं बटण असतं. ते तीन सेकंद दाबून धरा.